उष्णतेची मोट

पाणी उंचावरून सखलाकडे आपण होऊन वाहतें. सखलांतून उंचावर न्यावयाचें झाल्यास मात्र कोणाला तरी श्रम करावे लागतात. हा नियम लोणारकरांस निराळा शिकवावा लागत नाहीं. विवराच्या कांठावरील धारेचें पाणी रात्रंदिवस झरत असतें व उतारानें खालीं जातें. परंतु खालचा एक घडा वर आणावयाचा म्हटला कीं चढणाऱ्यास दम लागतो. जुन्या काळीं विहिरीवर मोट चाले. बैल नाडा ओढीत उतरणीनें जात, चामड्याची मोट भरून वर येई आणि पाटांत पाणी पडे. बैल पाणी निर्माण करीत नसत. असलेलें पाणी ते केवळ वर उचलीत. ही साधी गोष्ट ध्यानांत ठेविली म्हणजे ज्या यंत्राविषयीं येथें लिहावयाचें आहे, त्याचें मर्म समजण्यास अडचण पडणार नाहीं. त्या यंत्राचें नांव उष्णता-पंप, किंवा बाजारांतील नांवानें हीट पंप.

उष्णतेची गत पाण्यासारखीच आहे. ती तापलेल्या पदार्थाकडून गार पदार्थाकडे जाते. पेल्यांतील चहा निवतो तो ह्याच कारणानें, आणि वैशाखांत तापलेल्या टिनाखालीं झोपणाऱ्यास घाम फुटतो तोही ह्याच कारणानें. आपण होऊन उष्णता कधीं उलट दिशेनें जात नाहीं. खोलींतील उष्णता उचलून बाहेरच्या रणरणत्या उन्हांत टाकावयाची, किंवा पौषांतील गार हवेंतील उष्णता उचलून स्नानाच्या पाण्यांत भरावयाची, तर तिच्यासाठींही मोट लावावी लागते. उष्णता-पंप ही ती मोट होय, आणि वीज हा तिचा बैल.

येथें कोणी विचारील कीं, गार हवेंत उष्णता असणार कोठून? ज्या हवेस आपण गार म्हणतों ती आपल्या अंगापेक्षां गार असते, इतकेंच. उष्णतेच्या तळाशीं पोहोंचावयाचें तर शून्याच्याही खालीं २७३ अंश उतरावें लागतें. त्या मानानें पौषांतील पहांटेचे दहाबारा अंश म्हणजे उष्णतेचा मोठाच सांठा आहे. आपण त्यास हात घालूं शकत नाहीं, कारण तो सखल जागीं आहे. मोट हवी ती एवढ्यासाठींच.

ह्या मोटेची रचना समजण्यास घरांतील दोन अनुभव पुरे आहेत. माठांतील पाणी गार कां होतें? माठाच्या अंगावर पाझरलेलें पाणी वाफ होऊन उडून जातें, आणि वाफ होण्यास लागणारी उष्णता तें आंतल्या पाण्याकडून घेतें. दुसरा अनुभव सायकलच्या पंपाचा. चाकांत हवा भरतांना पंपाचें टोंक हातास गरम लागतें, कारण वायु दाबला म्हणजे त्याचें तपमान चढतें. उष्णता-पंपांत हे दोन्ही प्रकार एकाच बंद नळींत, एकामागून एक, अखंड चालू असतात. ह्या नळींत अगदीं थोड्या उष्णतेनें उकळणारा एक द्रव असतो. प्रथम तो गार जागेंतील हवेची किंवा पाण्याची उष्णता घेऊन वाफ बनतो. मग विजेवर चालणारा कॉम्प्रेसर ती वाफ जोरानें दाबतो, तेव्हां ती चांगलीच तापते. पुढें ती, जेथें उष्णता हवी किंवा टाकावयाची असेल, तेथल्या नळ्यांत जाते, आपली उष्णता तेथें सोडते व पुन्हा द्रव होते. शेवटीं एका अरुंद वाटेंतून जातांना त्या द्रवावरील दाब उतरतो, तो थंड होतो, आणि नवी उष्णता घेण्यास सिद्ध होतो. मोट खालीं जाते, भरते, वर येते, रिकामी होते. अगदीं तसेंच हें चक्र आहे.

चाणाक्ष विद्यार्थ्याच्या ध्यानांत आतांपर्यंत आलेंच असेल कीं, हें यंत्र आपल्या ओळखीचें आहे. घरांतील फ्रीज आंतल्या दुधाभाजीची उष्णता उचलून पाठीमागें टाकतो. म्हणूनच त्याची पाठ किंवा बाजू कोमट लागते. ज्यास लोक ए.सी. म्हणतात तें वातानुकूलन-यंत्रही खोलींतील उष्णता उचलून घराबाहेर टाकतें. तेंच उलट्या बाजूनें चालविलें कीं बाहेरची उष्णता घरांत येते, आणि नळ्यांचा शेवट पाण्याच्या टांकींत केला कीं स्नानाचें पाणी तापतें. काम एकच: उष्णता एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागीं नेणें.

ह्यांत लाभ काय, तें हिशेबानें पाहूं. एक युनिट वीज तारेच्या वेटोळ्यांतून जाळली म्हणजे ८६० किलोकॅलरी उष्णता मिळते. साधा गिझर किंवा पाण्यांत सोडण्याची विजेची कांब ह्याहून अधिक देऊं शकत नाहीं. उष्णता-पंप मात्र एका युनिटाच्या बळावर हवेंतील सुमारें दोन युनिटांइतकी उष्णता उचलतो, आणि स्वतः खाल्लेली वीजही शेवटीं उष्णता होऊन त्याच पाण्यांत जाते. मिळून तीन युनिटांचें काम एका युनिटांत होतें. आतां एका वसतिगृहांत शंभर मुलें आहेत आणि प्रत्येकास हिवाळ्यांत पंधरा लिटर ऊन पाणी लागतें, असें समजा. पाणी वीस अंशांवरून पंचेचाळीस अंशांवर न्यावयाचें. दीड हजार लिटरांस पंचवीस अंशांनीं गुणिलें म्हणजे ३७,५०० किलोकॅलरी झाल्या. साध्या गिझरास ह्यासाठीं रोज सुमारें ४४ युनिटें लागतील. उष्णता-पंपास १५ पुरतील. रोजचीं २९ युनिटें वांचलीं. युनिटास दहा रुपये धरले तर दिवसाचे २९० रुपये, आणि हिवाळ्याचे चार महिने धरले तर जवळजवळ पस्तीस हजार रुपये वांचले.

हा लाभ केवळ घरच्या पैशांचा नाहीं. आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यांत पारस येथें कोळशावर चालणारें वीजकेंद्र आहे. तेथें अडीचशें मेगावॉटचे दोन संच आहेत. कोळशापासून वीज करतांना कोळशांतील उष्णतेचा सुमारें तिसरा हिस्साच विजेच्या रूपानें हातीं लागतो. बाकीची उष्णता धुरांड्यांतून व पाणी निवविण्याच्या मनोऱ्यांतून निघून जाते. इतक्या नुकसानीनें मिळविलेली वीज पुन्हा पाणी तापविण्यासाठीं तारेंत जाळणें म्हणजे तीन पायली जोंधळे देऊन एक पायली पीठ घरीं आणण्यासारखें आहे. उष्णता-पंप ती घट भरून काढतो. कोळसा कमी जळला म्हणजे धूर कमी, राख कमी, आणि पृथ्वीच्या हवेस ताप आणणारा वायुही कमी.

मोट जितक्या खोल विहिरीवर चालवावी तितके बैल लवकर थकतात. उष्णतेच्या मोटेसही हाच नियम लागू आहे. जेथून उष्णता घ्यावयाची व जेथें टाकावयाची, त्या दोन जागांच्या तपमानांतील अंतर जितकें कमी, तितकी वीज कमी लागते. म्हणूनच खोली अठरा अंशांवर नेण्यापेक्षां चोवीस अंशांवर ठेवणें पुष्कळ स्वस्त पडतें. विहिरीचें पाणी उन्हाळ्यांत गार व हिवाळ्यांत कोमट लागतें, हें प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. वस्तुतः पाण्याचें तपमान बाराही महिने जवळजवळ सारखेंच असतें. बदलतें तें आपल्या भोंवतालच्या हवेचें. थंड देशांतील लोकांनीं ह्याचाच उपयोग करून जमिनींत खोल नळ्या पुरल्या व हिवाळ्यांत भूमीच्या पोटांतील ऊब घरांत आणली.

ही कल्पना नवी आहे असें मात्र कोणी समजूं नये. इंग्लंड-स्कॉटलंडांत लॉर्ड केल्विन ह्या नांवानें पुढें प्रसिद्ध झालेल्या विल्यम टॉमसन ह्यांनीं १८५२ सालींच, इमारती तापविण्यास व थंड करण्यास असें यंत्र वापरतां येईल, हें दाखवून दिलें. त्यानंतर थोड्याच वर्षांत ऑस्ट्रियांतील पीटर फॉन रिटिंगर ह्यांनीं एबेन्झे येथील मिठाच्या कारखान्यांत ह्या तत्त्वाचा प्रयोग केला. स्वित्झर्लंडमधील झुरिच शहराच्या जुन्या नगरभवनांत १९३८ सालीं उष्णता-पंप बसला. तो शेजारच्या लिमाट नदीच्या पाण्यांतून उष्णता उचलून सभागृहें ऊबदार ठेवी, आणि तो साठांहून अधिक वर्षें चालला.

मग प्रश्न असा उभा राहतो कीं, ज्याचें तत्त्व पावणेदोनशें वर्षांपूर्वीं ठाऊक झालें व ज्याची उपयुक्तता कसोटीस उतरली, तें यंत्र घरोघर पोहोंचण्यास इतका उशीर कां लागला? ह्या प्रश्नाच्या उत्तरांत विज्ञानापेक्षां व्यवहार अधिक आहे. पहिली अडचण किंमतीची. वरच्या वसतिगृहासाठीं यंत्राची जादा किंमत दीड लाख रुपये आहे असें समजलें, तर ती साडेचार वर्षांच्या आंत वसूल होईल; परंतु आज दीड लाख रुपये हातीं नाहींत, त्यास साडेचार वर्षांनंतरच्या लाभाचें काय? दुसरी अडचण मालक व भाडेकरू ह्यांची. यंत्र घ्यावें मालकानें आणि विजेचें बिल भरावें भाडेकरूनें, अशी स्थिति असेल तेथें मालक सर्वांत स्वस्त यंत्र आणतो, मग तें वीज कितीही खावो. तिसरी अडचण विश्वासाची. दुकानदार प्रत्येकच यंत्राची स्तुति करतो. खरें कोणतें व खोटें कोणतें हें गिऱ्हाइकानें कसें ओळखावें? चौथी अडचण कारागिराची. नीट न बसविलेलें यंत्र कितीही चांगलें असलें तरी निकामी. ह्या चार गांठी एकेकट्या कुटुंबास सुटणाऱ्या नाहींत. त्या सोडविण्यासाठीं समाजानें, म्हणजे सरकार, नगरपरिषद, शाळा व संस्था ह्यांनीं मिळून कांहीं व्यवस्था करावी लागते. अशा व्यवस्थेसच धोरण असें म्हणतात.

ज्या देशांनीं ही व्यवस्था केली त्यांचा इतिहास बोधप्रद आहे. १९७३ सालीं खनिज तेलाच्या किंमती एकाएकीं भडकल्या, तेव्हां तेल जाळून घरें तापविणारे थंड देश जागे झाले. आरंभीं घाईनें यंत्रें बसविण्यांत आलीं, त्यांत पुष्कळ सदोष निघालीं, आणि उष्णता-पंपाचें नांव कांहीं काळ खराब झालें. मग शहाणपण आलें. स्वित्झर्लंडनें १९९३ सालीं यंत्रांची परीक्षा घेणारें स्वतंत्र केंद्र उघडलें. स्वीडननें त्याच दशकांत कारखानदारांची स्पर्धा लाविली: अधिक चांगलें व अधिक स्वस्त यंत्र जो करील, त्याची निदान दोन हजार यंत्रें विकत घेण्यास गिऱ्हाइकें आधींच तयार ठेविलीं. स्वीडन व नॉर्वे ह्या दोन्ही देशांनीं १९९१ पासून इंधनाच्या धुरावर कर बसविला, त्यामुळें तेल महाग व पंप स्वस्त वाटूं लागला. डेन्मार्कनें २०१३ पासून नव्या इमारतींत तेलाच्या व वायूच्या भट्ट्या बसविण्यास मनाई केली. नॉर्वेनें २०२० पासून घर तापविण्यासाठीं खनिज तेल जाळणेंच बंद केलें. परिणाम असा कीं, नॉर्वेसारख्या बर्फाळ देशांत आज दर शंभर घरांमागें सुमारें साठ उष्णता-पंप आहेत. उलट जर्मनींत २०२३ सालीं नव्या भट्ट्यांविषयींचा कडक नियम लोकांची तयारी होण्याआधींच पुढें आला, तेव्हां देशभर मोठा वाद माजला व सरकारास तो बराच सौम्य करावा लागला. ह्यावरून क्रम ध्यानांत येतो: आधीं परीक्षा व विश्वास, मग किंमतीस आधार, मग नियम. क्रम चुकला म्हणजे चांगली गोष्टही लोकांस जुलूम वाटते.

आतां आपल्या देशाकडे वळूं. आपली गरज नॉर्वेच्या उलट आहे. त्यांस थंडीपासून बचाव हवा, आपणांस मुख्यतः उन्हापासून. यंत्र मात्र एकच. भारतांत २००१ सालीं ऊर्जा-संवर्धनाचा कायदा झाला व पुढील वर्षीं ऊर्जा दक्षता ब्यूरो ही संस्था स्थापन झाली. २००६ पासून तिनें यंत्रांवर तारे छापण्याची पद्धति सुरू केली. फ्रीजवर किंवा ए.सी.वर जो एक ते पांच ताऱ्यांचा कागद चिकटविलेला दिसतो, तो शोभेसाठीं नसून परीक्षेच्या गुणपत्रकासारखा आहे. समजा, एका यंत्राचा गुणांक साडेतीन व दुसऱ्याचा पांच आहे; तर सारख्याच गारव्यासाठीं पहिलें शंभर युनिटें खातें तेथें दुसऱ्यास सत्तर पुरतात. शिवाय ही परीक्षा कांहीं वर्षांनीं अधिक कठीण करण्यांत येते, म्हणजे कालचें पांच ताऱ्यांचें यंत्र आज तितके तारे मिळवीलच असें नाहीं. विश्वासाची गांठ अशा रीतीनें बरीच सुटली. २०२० पासून नवीन ए.सी. चालू करतांच आपोआप चोवीस अंशांवर लागावा, असाही नियम झाला आहे.

इमारतींविषयींचे नियमही झाले. मोठ्या व्यापारी इमारतींसाठीं २००७ सालीं ऊर्जा-संवर्धन इमारत संहिता निघाली व २०१७ सालीं ती सुधारण्यांत आली. राहत्या घरांसाठीं २०१८ सालीं इको-निवास संहिता आली; भिंतींतून व छपरांतून घरांत किती उष्णता शिरूं द्यावी, ह्याची मर्यादा तींत घालून दिली आहे. २०१९ सालीं केंद्र सरकारनें शीतकरणाचा राष्ट्रीय आराखडा प्रसिद्ध केला. त्या सुमारास देशांतील शेंकडा आठच घरांत ए.सी. होता, २०३७-३८ पर्यंत हें प्रमाण शेंकडा चाळिसांवर जाईल, असा त्यांत अंदाज आहे. म्हणून शीतकरणास लागणारी ऊर्जा त्या सालापर्यंत शेंकडा २५ ते ४० नें कमी करावी व यंत्रें दुरुस्त करणाऱ्या एक लाख कारागिरांस शिक्षण द्यावें, असें त्यांत म्हटलें आहे. कारागिरांची ही बाब लहान समजूं नये. यंत्राच्या नळींतील वायु गळून हवेंत मिसळला तर तो कोळशाच्या धुरांतील वायूपेक्षां शेंकडों पटींनीं पृथ्वीस ताप देणारा ठरूं शकतो. असे वायु हळूहळू कमी करण्याचा किगाली येथील करार भारतानें २०२१ सालीं मान्य केला आहे. परंतु करार दिल्लींत होतो आणि नळी जोडली जाते ती गल्लींत.

किंमत उतरविण्याची युक्तिही आपल्या देशानें एकदां यशस्वी करून दाखविली आहे. एलईडी दिव्यांची सरकारी संस्थेनें एकत्र खरेदी केली, तेव्हां २०१४ सालीं जो दिवा तीनशें रुपयांच्या आसपास पडे, तो २०१६ पर्यंत चाळीस रुपयांच्या आंत आला, आणि असे छत्तीस कोटींहून अधिक दिवे घरोघर गेले. तीच संस्था ए.सी.च्या बाबतींतही २०१९ सालीं त्या वाटेनें निघाली, परंतु दिव्यासारखी मोठी लाट अजून उठलेली नाहीं. तीस रुपयांचा दिवा व तीस-चाळीस हजारांचें यंत्र ह्यांत अंतर आहे. येथें एकत्र खरेदीच्या जोडीस हप्त्यांची सोयही हवी. २०२५ च्या सप्टेंबरांत ए.सी.वरील वस्तु व सेवा कर शेंकडा २८ वरून १८ वर आला. परंतु ही सवलत एका ताऱ्याच्या यंत्रास व पांच ताऱ्यांच्या यंत्रास सारखीच मिळते. करांतील सूट ताऱ्यांच्या मानानें कमीअधिक ठेविली असती तर गिऱ्हाईक आपण होऊन चांगल्या यंत्राकडे वळलें असतें.

महाराष्ट्रांत ह्यास पूर्वदाखला आहे. पुणें महानगरपालिकेनें सूर्याच्या उन्हानें पाणी तापविणारीं साधनें, गांडूळखत, पावसाच्या पाण्याचा संचय, अशा सोयी करणाऱ्या घरांस मालमत्ता-करांत शेंकडा पांच ते दहा सूट दिली. राज्यांतील बहुतेक शहरांस २०२० सालीं लागू झालेल्या एकत्रित विकास-नियंत्रण नियमावलींत रुग्णालयें, हॉटेलें, वसतिगृहें अशा इमारतींवरील सौर जलतापकांसाठीं तरतूद आहे. जेथें सौर जलतापक तेथें उष्णता-पंप हा त्याचा चांगला जोडीदार होऊं शकतो. आभाळ भरून आलें व उन्हाचें पाणी कोमटच राहिलें, म्हणजे उरलेली उष्णता गिझरानें न भरतां पंपानें भरावी.

एवढें पाहिल्यावर आपल्या लोणारास ह्यांतून काय घेतां येईल? माझ्या मतें पहिलें पाऊल यंत्राचें नव्हेच, छपराचें आहे. फुटक्या रांजणांत मोटेनें पाणी भरीत बसणें जसें व्यर्थ, तसेंच तापलेल्या टिनाखालीं ए.सी. चालविणें व्यर्थ. आपल्या पूर्वजांचीं धाब्याचीं घरें, त्यांच्या हातभर रुंदीच्या मातीच्या भिंती व छोट्या खिडक्या ह्यांनीं ऊन बाहेर अडविलें जाई. दैत्यसूदनाच्या देवळांत वैशाखांतील दुपारींही जो गारवा लागतो, तो जाड दगडी भिंतींचा प्रताप आहे. त्या तापण्यास फार वेळ घेतात. आजचें घर सिमेंटचें व टिनाचें झालें आहे. त्याच्या गच्चीस पांढरा चुना द्यावा, पश्चिमेच्या भिंतीस झाडाची किंवा मांडवाची सावली द्यावी, टिनाखालीं छत घालावें. ह्यास खर्च थोडा लागतो आणि लाभ पहिल्याच उन्हाळ्यांत दिसतो. नगरपरिषदेनें नव्या घरास परवानगी देतांनाच छपराविषयीं चौकशी केली, तर पुढील पन्नास वर्षांची वीज वांचेल. कारण घर बांधून झाल्यावर छप्पर बदलणें कठीण असतें.

दुसरें पाऊल सामाईक इमारतींचें. सरोवर पाहण्यास येणाऱ्या यात्रेकरूंसाठीं व प्रवाशांसाठीं उतरण्याच्या जागा आहेत, रुग्णालय आहे, शाळांचीं वसतिगृहें असतात. अशा ठिकाणीं रोज पुष्कळ ऊन पाणी लागतें, म्हणून पंपाची किंमत लवकर भरून येते, आणि लाभ एका घराचा न राहतां अनेकांचा होतो. जेथें अजून बंबांत सरपण जाळतात तेथें धूर व लाकूडतोड दोन्ही थांबतील. मात्र एक दक्षता घ्यावी. विवराच्या परिसरांत भूमीच्या पोटांत नळ्या घालण्यासाठीं विंधणें करूं नयेत. लोणारचें सरोवर २०२० सालापासून जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादींत आहे; त्याच्या झऱ्यांस धक्का लावून मिळविलेली काटकसर ही काटकसर नव्हे. आपल्याकडे हिवाळा सौम्य असल्यामुळें हवेंतील उष्णता उचलणारें साधें यंत्रच पुरेसें आहे.

तिसरें पाऊल कारागिरांचें. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत शीतकरण व वातानुकूलन हा विषय शिकवितात. दहावी-बारावीनंतर कोणता मार्ग धरावा ह्या विवंचनेंत असणाऱ्या मुलामुलींनीं व त्यांच्या पालकांनीं त्याचा अवश्य विचार करावा. जीं यंत्रें येत्या वीस वर्षांत देशभर लागणार, तीं बसविणारे व नीट ठेवणारे हात आपल्या तालुक्यांतूनच कां निघूं नयेत?

ह्यावर एक रास्त आक्षेप येईल. ज्याच्या घरीं धड पंखा नाहीं, त्यास ह्या गोष्टींचा काय उपयोग? आक्षेप खरा आहे, आणि धोरण आंखणाऱ्यांनीं तो विसरतां कामा नये. श्रीमंताच्या ए.सी.नें त्याची खोली गार होते, पण तींतील उष्णता गल्लींत येते व शेजारच्या पत्र्याच्या घरास अधिक तापविते. शिवाय सर्व यंत्रें एकाच वेळीं चालूं लागलीं म्हणजे विजेची ओढ वाढते आणि वीज गेली कीं पंखाही बंद पडतो. म्हणून सरकारी साहाय्याचा पहिला हिस्सा गरिबाच्या छपरास, दवाखान्याच्या प्रसूतिगृहास व शाळेच्या वर्गास मिळावा. चैनीच्या चौथ्या ए.सी.स नव्हे. वैशाखाच्या कोरड्या हवेंत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर अजूनही थोड्या विजेंत चांगलें काम देतो, हेंही मान्य केलें पाहिजे. मात्र त्यास पाणी लागतें, आणि आपल्या जिल्ह्यांत नेमकें त्याच दिवसांत पाण्याचें दुर्भिक्ष असतें. पावसाळ्याच्या दमट हवेंत तर त्याचा उपाय चालत नाहीं. प्रत्येक साधनाची जागा ओळखून तें वापरणें, ह्यांतच विवेक आहे.

विद्यार्थिबंधूंनो व भगिनींनो, धोरण ही केवळ मंत्र्यांची गोष्ट आहे असें समजूं नका. ह्या सुटींत तीन कामें करा. घरांतील विजेचें बिल मागून घ्या व कोणत्या महिन्यांत किती युनिटें लागलीं, त्याचा तक्ता काढा. फ्रीज किंवा कूलर-पंखा नवा घ्यावयाचा असेल तेव्हां वडिलांबरोबर दुकानांत जा, आणि किंमतीच्या चिठ्ठीबरोबर ताऱ्यांचा कागदही त्यांस वाचून दाखवा. तिसरें, दुपारीं दोन वाजतां आपल्या छपराखालचें तपमान व झाडाखालचें तपमान मोजून दोहोंतील अंतर वहींत लिहा. पालकांनींही मुलांच्या ह्या वह्या कौतुकानें पाहाव्या. नगरपरिषदेपुढें छपराचा किंवा वसतिगृहाच्या पाण्याचा प्रश्न न्यावयाचा झाला, तर मोठ्या भाषणापेक्षां शंभर वह्यांतील खरे आंकडे अधिक काम करतील.